जुन्या शिडाच्या बोटीचे कील बोल्ट: आधी सांधा बघा, नट नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीसेक वर्षांपूर्वी बांधलेली, ३२ फुटी, फायबरग्लासची शिडाची बोट पसंत पडली आहे. खाली बिडाची कील, म्हणजे बोट उलटू नये म्हणून तळाखाली लावलेला जड पंखा, बोल्टांनी जोडलेली. केबिनमधली फळी उचलून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटातल्या सगळ्यात खोल जागेत डोकावलं, तर चार बोटं पाणी आणि नटांवर तांबूस गंज दिसला. विकणारा म्हणतो, या वयाच्या बोटींना एवढं असतंच, आणि गेल्याच वर्षी सगळे नट आवळून घेतलेत. तर हा गंज कितपत घातक मानायचा, आणि स्वतः पाना लावून खात्री करता येईल का?

पान्याचं उत्तर आधी देतो: लावू नका. का, ते पुढे सांगतो. गंजाचं उत्तर जरा लांबतं, कारण नट गंजलाय की चकाकतोय यावरून खालच्या बोल्टबद्दल फार थोडं कळतं. जुन्या बोटी तपासणं हेच माझं काम आहे, आणि नटांकडे मी बऱ्याचदा सगळ्यात शेवटी बघतो. त्याआधी मला तीन गोष्टी हव्या असतात. कील आणि तळ यांच्यामधल्या सांध्यात पाणी शिरलंय का? कील कधी खडकावर किंवा समुद्रतळाला जोरात आपटली आहे का? आणि ज्या आडव्या बरगड्यांच्या जोरावर बोल्ट आवळलेले असतात, त्या बरगड्या तळाला अजून चिकटून आहेत का? या तिन्हींची उत्तरं नीट असतील तर गंजलेल्या नटांसकट बोट घ्यायला मी हरकत घेणार नाही. नसतील, तर आरशासारखे नट असूनही घेऊ देणार नाही.

आता परिस्थितीनुसार बदलणारा भाग. कील कशाची आहे आणि कशी बसवली आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. काही बोटींमध्ये शिसं किंवा लोखंड फायबरग्लासच्या आतच ओतलेलं किंवा भरलेलं असतं. तिथे कील बोल्ट नसतातच आणि तपासणी वेगळी. शिशाच्या कीलमध्ये बोल्ट बहुधा वाकडं टोक करून ओतकामातच अडकवलेले असतात. ते उलटे फिरवून काढता येत नाहीत. बाजूने शिशात खिडकी कापावी लागते किंवा शेजारी नवीन बोल्ट घालावे लागतात. तुमच्यासारख्या बिडाच्या कीलमध्ये बहुतेक वेळा बिडाला आटे पाडून त्यात स्टड, म्हणजे डोकं नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट फिरवलेले असतात. एक स्टड काढून, बघून, परत किंवा नवा घालता येतो. विकणारा 'बिडाची' म्हणतोय म्हणून विश्वास ठेवायची गरज नाही, खिशात लोहचुंबक ठेवा. रंगाच्या थरावरूनही तो बिडाला पकडतो, शिशाला नाही.

बोल्टची दुर्दशा नेमकी कुठे होते हे समजलं की बाकीची तपासणी आपोआप सुचते. स्टेनलेस स्टील गंजत नाही, कारण त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडची अतिशय पातळ पापुद्र्यासारखी साय धरलेली असते. ती साय फाटली तर हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन घेऊन ती परत धरते. पण कील आणि तळाच्या मधल्या फटीत खारं पाणी शिरून साचलं, तर तिथे ताजा ऑक्सिजन पोचत नाही. साय परत धरत नाही, मिठातले क्लोराइड आपलं काम करत राहतात आणि बोल्टला त्या एका जागी खोबणी पडत जाते. नट असतो वर, बिल्जच्या हवेत. तो मजेत चमकत राहतो आणि त्याच्या काही इंच खाली बोल्टची कंबर बारीक होत जाते. साध्या लोखंडावर जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट या बाबतीत जरा प्रामाणिक: ते वरूनही फुगतात, नटाचे कोपरे झिजतात, म्हणजे गंज निदान दिसतो; पण सांध्याशी आत तेही झिजू शकतात. म्हणून तुमच्या तांबूस गंजाबद्दल पहिली शंका मला अशी येते की स्टेनलेस बोल्टवर कोणीतरी साधे लोखंडी वॉशर घातलेत आणि गंज त्यांचा आहे. दिसायला भयंकर, जिवाला फार धोका नाही. कापडाने पुसून, तारेच्या ब्रशने घासून बघा, गंज कशातून येतोय ते लगेच दिसेल.

कंबर बारीक होण्याने किती फरक पडतो, याचा मोटामोटी हिशोब करून बघू. समजा कील २,००० किलोची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य सांध्याच्या ७० सेंटिमीटर खाली. बोट पूर्ण आडवी पडली तर कील सांध्यावर १,४०० किलोग्रॅम-मीटरचा (वजन गुणिले अंतर) उचकटणारा जोर लावते. बोल्टांची ओळ आणि कीलची पलीकडची कड यांत साधारण २० सेंटिमीटर अंतर धरलं, तर एका बाजूच्या बोल्टांवर मिळून ७ टनांचा ताण येतो. पाच बोल्ट असतील तर प्रत्येकावर १,४०० किलो. नवा २० मिलिमीटरचा स्टेनलेस बोल्ट कायमचा न ताणता साधारण ५ टन धरतो, म्हणजे भरपूर शिल्लक. पण तोच बोल्ट मधे गंजून १० मिलिमीटर उरला, की जाडी अर्धी आणि ताकद एक-तृतीयांशाहूनही कमी. दीड टनाच्या आसपास. त्यात लाटेचे धक्के नाहीत, आणि वर्षानुवर्षं डावीउजवीकडे झुकल्याने आलेला थकवाही धरलेला नाही. दोन बोल्ट निकामी झाले की उरलेल्यांना हे गणित जमत नाही.

मग बिल्जमधलं पाणी. ते पाणी कुठून आलं हे तुम्हाला शोधायचंय, आणि पहिला प्रश्न खारं की गोडं. जुन्या लोकांची सवय हाताचं बोट पाण्यात बुडवून चाखायची. बिल्जमध्ये डिझेल, ऑइल आणि कधी शौचालयाची टाकीही गळलेली असते, तेव्हा तसं करू नका. काळ्या बशीवर दोन थेंब वाळू द्या. पांढरे स्फटिक राहिले तर समुद्राचं पाणी. गोडं निघालं तर बहुधा पावसाचं किंवा पिण्याच्या टाकीचं असतं. डोलकाठी छतातून खाली थेट कीलपर्यंत येत असेल तर पाऊस तिच्या आतून सरळ बिल्जमध्ये उतरतो. अशी बोट कोरडी ठणठणीत कधीच नसते आणि त्यात काही वावगं नाही. खारं पाणी प्रोपेलरच्या शाफ्टच्या ग्लँडमधूनही (शाफ्ट तळातून बाहेर पडतो तिथल्या पाणी अडवणाऱ्या सीलमधूनही) येतं. जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून शाफ्ट फिरत असताना थेंब थेंब पडणं अपेक्षितच असतं. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची एखादी होज, शौचालयाचा व्हॉल्व्ह, नांगराच्या साखळीची पेटी, संशयित बरेच आहेत.

म्हणून माझी पद्धत कंटाळवाणी पण भरवशाची. बिल्ज पूर्ण उपसायचं, साबणाच्या पाण्याने धुऊन कापडाने कोरडं करायचं, आणि प्रत्येक नटाभोवती टिश्यू पेपरची गुंडाळी ठेवायची किंवा खडूची पूड भुरभुरायची. बरगड्यांमधली पाणी वाहून जायची भोकंही कागदाने बंद करायची, म्हणजे एका कप्प्यातलं पाणी दुसऱ्यात जाऊन दिशाभूल करणार नाही. बोट पाण्यात असताना रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी एखाद्या नटाभोवतीचाच कागद ओला असेल आणि बाकी कप्पा कोरडा, तर पाणी बोल्टच्या कडेने वर येतंय. याचा सरळ अर्थ असा की बाहेरचं पाणी सांध्यातून आत येण्याची वाट तयार झाली आहे आणि तो बोल्ट आत्ता वर सांगितलेल्या परिस्थितीत भिजत पडला आहे. किती वर्षं, ते मात्र कागद सांगत नाही.

एवढी मुभा विकणारा देतोच असं नाही. मग निदान खुणा वाचा. बाकांच्या खालच्या प्लायवूडवर पाण्याची आडवी रेघ आहे का? ती रेघ फळीच्या वर असेल तर बोट कधीतरी आतून भरली होती. बिल्ज नुकतंच रंगवलेलं असेल तर मी जास्त बारकाईने बघतो. रंग स्वच्छतेसाठीही देतात, पण बारीक तडे झाकायलाही त्याहून स्वस्त काही नाही. तिरक्या टॉर्चच्या उजेडात रंगाखालचा तडा बऱ्याचदा रेघेसारखा उमटतो. पंप चालतो का, फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप चालू करणारं तरंगतं बटण) उचलल्यावर सुरू होतो का, हे बघालच. त्यावर मी वेळ घालवत नाही, पंप बदलता येतो.

नटांखालच्या प्लेटी किंवा वॉशर तळात रुतलेत का बघा. वॉशर बशीसारखा खोलगट झाला असेल, किंवा त्याच्या कडेने चांदणीसारखे तडे गेले असतील, तर खालचं फायबरग्लास दबतंय. काही जुन्या बोटींमध्ये कीलच्या वरच्या भागात फायबरग्लासच्या पोटात प्लायवूड घातलेलं असायचं. ते भिजून कुजलं की बोल्ट कितीही चांगला असो, त्याला धरून ठेवायला काही उरत नाही.

इथेच पान्याचा मुद्दा येतो. नट घट्ट लागला तर एवढंच कळतं की वरचे आटे शाबूत आहेत. खाली कंबर बारीक असेल तर तुमच्या हातूनच बोल्ट तुटेल, आणि तोही दुसऱ्याच्या बोटीत. खालचं लाकूड कुजलेलं असेल तर आवळून तुम्ही ते आणखी चेपाल. त्यापेक्षा 'गेल्या वर्षी आवळले' हे वाक्य धरून विकणाऱ्याला प्रश्न विचारा. का आवळले, काय दिसलं होतं? बोट पाण्यात होती की बाहेर? टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) वापरला का, आणि आकडा बोट बांधणाऱ्या कंपनीचा होता की अंदाजाचा? नट किती फिरला? बऱ्याच वर्षांत एकदा पाव फेरा फिरला तर चालतं. दर हंगामाला अर्धा फेरा फिरत असेल तर काहीतरी सतत दबतंय किंवा ताणतंय. उत्तर देताना माणूस गडबडला तर तेही उत्तरच.

आता बाहेरून. बोट पाण्याबाहेर काढून घ्यावीच लागेल, आणि ती काढताना तुम्ही हजर राहा. हा सल्ला मी बाकी कशाहीपेक्षा जास्त आग्रहाने देतो. कारण यार्डात, म्हणजे बोटी दुरुस्त करायच्या आवारात, बोट स्टँडवर उभी असते तेव्हा तिचं सगळं वजन कीलवर बसलेलं असतं आणि सांधा दाबून मिटलेला दिसतो. क्रेनच्या पट्ट्यांवर लटकत असते तेव्हा उलट कील बोटीला लोंबकळते आणि सांधा उघडायचा असेल तर तेव्हाच उघडतो. म्हणून यार्डवाल्याशी आधी बोलून पंधरा-वीस मिनिटं बोट लटकत ठेवायला सांगा. कीलच्या पुढच्या टोकाशी सांध्यावर रेघ असेल तर तिची रुंदी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, बोट खाली टेकल्यावर परत मोजा. दोन्हींत फरक पडला तर सांधा हलतोय.

पुढच्या टोकाशी ओठांसारखी पडणारी ही चीर इतकी ओळखीची आहे की एका अमेरिकन बनावटीच्या नावावरून तिला 'कॅटालिना स्माइल' म्हणतात. नुसती दिसली म्हणून घाबरू नका. सांध्यावर भरलेलं फिलर (फट बुजवायचा लेप) कडक असतं आणि सांधा थोडा लवतो, त्यामुळे फिलरला केसाएवढी भेग पडणं साहजिक आहे. ती चीर पुढच्या टोकावर थांबते की दोन्ही बाजूंनी मागे सरकत जाते, हे बघा. बिडाच्या कीलवर गंजाचे डाग तर असणारच. पण रंगाखालून फुटलेला पृष्ठभागाचा गंज वेगळा आणि सांध्यातून ओघळणारं तपकिरी पाणी वेगळं. बोट बाहेर काढून तीन-चार दिवस झाले तरी सांधा ओलसर असेल, पुसल्यावर परत पाझरत असेल, तर पाणी आत मुरलेलं आहे यात शंका ठेवू नका.

बोट लटकत असतानाच यार्डच्या माणसाला कीलचं खालचं टोक बाजूने ढकलायला सांगा, तुम्ही दुरूनच सांध्याकडे बघा. लटकत्या कीलखाली कोणी जायचं नाही. थोडा लवचीकपणा, विशेषतः अरुंद आणि खोल कीलला, असतोच. पण सांध्याशीच बिजागरासारखी हालचाल दिसली, किंवा 'कट' असा आवाज आला, तर त्या दिवसाची तपासणी माझ्यापुरती तिथे संपते.

कील आपटल्याच्या खुणा मात्र लोक चुकीच्या ठिकाणी शोधतात. बोट वेगात जाताना कीलचं खालचं टोक खडकाला अडतं, बोट पुढे जाऊ बघते, आणि कील मागच्या बाजूला फिरते: पुढचं टोक खाली ओढलं जातं, मागचं टोक वर तळात घुसू बघतं. म्हणून सगळ्यात वाईट इजा कीलच्या मागच्या टोकाच्या वर, आतल्या बाजूला होते. तिथल्या बरगड्यांना आडवे तडे, तळापासून सुटलेली कड, पांढुरकं पडलेलं फायबरग्लास, नवीन दिसणारं पॅचवर्क, हे सगळं तिथे शोधा. बाहेरून कीलच्या पुढच्या कडेचा खालचा भाग हाताने चाचपा. बिडाला पडलेला खळगा किंवा फिलरने भरलेला उंचवटा हाताला कळतो. केबिनमध्येही पुरावे असतात. कपाटाचं दार चौकटीत घासतंय, आडव्या भिंतीचा तळाशी चिकटवलेला जोड सुटलाय, फळ्या आधी बसत होत्या आणि आता तासून बसवल्यात. यातला प्रत्येक वेगळा निरुपद्रवी असू शकतो, तिन्ही एकत्र आले तर नाही.

तुमची बोट वेगळी बरगडी घालून बांधलेली आहे की आत साच्यातून काढलेला ग्रिड (बरगड्यांची एकसंध जाळी) गोंदाने तळाला चिकटवलाय, हेही माहीत करून घ्या. ग्रिडवाल्या बोटीत गोंद सुटला तर वरून काहीही दिसत नाही, कारण ग्रिड स्वतः अखंडच असतो. मे २०१४ मध्ये 'चीकी रफीकी' ही बेनेतो फर्स्ट ४०.७ जातीची बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परतताना अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि तिच्यावरचे चारही जण गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने पुढच्या वर्षी दिलेल्या अहवालात म्हटलं आहे की आधी बोट समुद्रतळाला लागल्याचे प्रसंग आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांच्या एकत्रित परिणामाने कीलचा जोड कमकुवत झाला असावा. वरवर हलक्या वाटणाऱ्या टकरीनेही न दिसणारं मोठं नुकसान होऊ शकतं, असंही त्यात आहे. माझ्या कामात याचा अर्थ एवढाच की प्लॅस्टिकच्या लहान हातोडीने प्रत्येक बरगडीच्या कडेने ठोकत जायचं आणि कान द्यायचा. चिकटलेल्या जागी आवाज खणखणीत, सुटलेल्या जागी बद्द. ओलावा मोजणारं मीटर इथे फार उपयोगाचं नाही. खाली बीड आणि बोल्ट असल्याने ते वेडेवाकडे आकडे दाखवतं.

इतकं करूनही बोल्टबद्दल शंका राहिली तर एकच खात्रीचा उपाय, बोल्ट काढून बघणं. एक्स-रे किंवा अल्ट्रासाउंडने न काढताही तपासता येतं. अल्ट्रासाउंडसाठी बोल्टचं वरचं टोक सपाट घासावं लागतं, बोल्ट सरळ असावा लागतो आणि पडद्यावरचा प्रतिध्वनी वाचणारा माणूस जाणकार लागतो. तुमच्याकडे बिडाची कील आहे, तेव्हा मी एक स्टड बाहेर काढायचा आग्रह धरेन. बोट यार्डात कीलवर टेकलेली, बाजूंनी नीट टेकू दिलेली, आणि काम यार्डचा माणूस करणार, या अटीवर. कोणता काढायचा? सगळ्यात चांगला दिसणारा नव्हे, सगळ्यात ओला. तो वाईट निघाला तर बाकीचे सगळे वाईटच समजायचे. चांगला निघाला तर मात्र बाकीचे चांगले असं म्हणता येत नाही, फक्त शक्यता वाढते; आणखी एक काढायची परवानगी मिळाली तर काढा.

सर्वेअर, म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ, स्वतः नेमा, विकणाऱ्याने सुचवलेला नको, आणि त्याच्या अहवालात 'तपासलं नाही' अशी यादी असते ती आधी वाचा. कील बोल्ट काढून पाहिलेले नाहीत, हे वाक्य जवळपास प्रत्येक अहवालात असतं आणि घेणारे ते सोडून बाकी सगळं वाचतात. बोट कधी शिकवणीसाठी, भाड्याने किंवा शर्यतीत वापरली होती का, विम्याचा दावा झाला होता का, हे लेखी विचारा.

किमतीच्या बोलणीत तीन शक्यता धरा. पाणी पावसाचं, सांधा कोरडा, बरगड्या खणखणीत: लोखंडी वॉशर बदलून घ्या, सौदा करा. सांधा पाझरतोय पण सांगाडा धड आहे: कील उतरवून, सांधा साफ करून, नवीन स्टड आणि सीलंट घालून परत बसवणं लागेल. हे बोटीवरच्या मोठ्यात मोठ्या कामांपैकी एक आहे, त्यात सीलंट पॉलियुरेथेनचं असेल तर कील सुटता सुटत नाही आणि खर्च वाढतो. यार्डकडून लेखी अंदाज घेऊन तेवढी रक्कम किमतीतून वजा झाली तरच पुढे जा. बरगड्या सुटलेल्या किंवा मागच्या टोकाशी तळ फुटलेला असेल तर दुरुस्ती अशक्य नाही, पण पहिल्यांदा बोट घेणाऱ्याला मी त्यात पडू देणार नाही.

आणि बोट घेतलीच, तर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक नटापासून प्लेटवर उतरणारी रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि तारखेसह फोटो काढून ठेवा. नट फिरला किंवा प्लेट सरकली की रेघ तुटलेली दिसेल. पुढच्या वेळी कोणी 'जरा आवळून टाकू का' विचारलं, तर आधी तो फोटो काढून बघा.